बोटीतली पुढची जागा

पॅपॉंच्या बोटीत केळं न्यायचं नाही, हा नियम कॅसिडी स्ट्रिकलंड नऊ वर्षांची असताना शिकली, आणि तोही असा शिकली की जन्मात विसरू नये. दप्तरातलं केळं काढून ती सोलायला बसली होती. तिच्या सख्ख्या आजोबांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि सरळ ओकाहॅची तळ्यात भिरकावलं. "केळं बोटीत आलं की मासा दुसऱ्या गावाला जातो," ते म्हणाले. त्या दिवशी तिला एकही मासा मिळाला नाही, तेव्हा "बघ, सालीचा वास राहिला बोटीला," हेही वर ऐकवलं. या गोष्टीला सात वर्षं झाली. सात वर्षांत कॅसिडीनं बोटीवर साधा पिवळा टी-शर्टसुद्धा घातला नव्हता.

आणि आता तेच पॅपॉ, म्हणजे हर्शेल स्ट्रिकलंड, वय वर्षं एकाहत्तर, अख्ख्या तळ्यावर ज्यांचा शब्द चालतो ते, बोटीच्या मधल्या खुर्चीत बसून केळ्याचे वेफर्स खात होते. मुठीमुठीनं.

"अजून घ्या ना, मिस्टर हर्शेल," ओडालिस म्हणाली. "आईनं दोन पिशव्या दिल्यात."

"पण हे केळं आहे," कॅसिडी म्हणाली.

"हे हिरवं असतं, भाजीचं," पॅपॉ म्हणाले. "केळ्याचा लांबचा चुलत भाऊ म्हण हवं तर."

"म्हणजे चुलत भाऊ चालतो?"

"तळलेला चालतो." आणि त्यांनी मिठाची बोटं चाटली.

कॅसिडीच्या पोटात दुखायला लागलं ते त्या क्षणापासून, आणि ते दुखणं पुढचे तीन आठवडे गेलं नाही.

ओडालिस मारेरो जानेवारीत मायामीहून आली होती. तिच्या आईला इथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली म्हणून मायलेकी दोघीच आल्या, बाप तिकडंच राहिला. ओडालिसला मासेमारी येते म्हटल्यावर शाळेच्या कोचनी तिला कॅसिडीच्या जोडीला दिलं, कारण कॅसिडीची जुनी जोडीदार हार्पर ऐन वेळी व्हॉलीबॉलमध्ये पळाली होती. स्पर्धा मार्चच्या पहिल्या शनिवारी. जिल्ह्यातल्या शाळांच्या चाळीस बोटी, प्रत्येक बोटीत दोन मुली किंवा मुलं, आणि एक मोठं माणूस, ज्यानं मोठं इंजिन चालवायचं आणि मग गप्प बसायचं. त्यानं रॉडला हात लावायचा नाही की जाळीला. ज्या जोडीचे बास जातीचे पाच मासे सगळ्यात जड भरतील ती जिंकली. हे सगळं कॅसिडीला पाठ होतं. दोन वर्षं ती आणि हार्पर पॅपॉंच्याच बोटीतून उतरल्या होत्या, आणि दोन्ही वर्षं कॅसिडी पुढं उभी होती.

पुढं उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यानं कधी बोटीतून मासे धरलेले नाहीत त्याला सांगायला हवं. बोटीत दोघींसाठी जागा दोनच, एक पुढची आणि एक मागची. पुढची मुलगी पायाखालच्या पेडलनं छोटी विजेची मोटर चालवते, म्हणजे बोट कुठं वळणार, किती थांबणार हे ती ठरवते. आणि प्रत्येक नव्या पाण्यात पहिला गळ तिचा पडतो. मागचीच्या वाट्याला येतं ते उष्टं पाणी. तिचा गळ पडेपर्यंत माशाला कळलेलं असतं की आज कोणीतरी आलंय. त्यामुळं पुढची जागा ही नुसती जागा नसते, ती गादी असते. आणि बोट आजोबांची असल्यावर गादीवर नात बसणार, यात विचारायचं काय होतं?

पण पहिल्या सरावाच्या शनिवारी धक्क्यावरून बोट सोडता सोडता पॅपॉ म्हणाले, "पुढं कोण ते मी आदल्या दिवशी, शुक्रवारी सांगीन. तोवर पाळीपाळीनं उभ्या राहा."

"पाळीपाळीनं?" कॅसिडी म्हणाली.

"का, तुला पाळी शब्द कळत नाही का पाळणं कळत नाही?"

ओडालिस हसली. तिचं हसणं काही वाईट नव्हतं, पण कॅसिडीला ते कांद्यासारखं झोंबलं.

मग पॅपॉंनी पक्कड काढली आणि दोघींच्या गळांची टोकं कटाकट तोडून टाकली. ही त्यांची जुनी पद्धत होती. सरावाला ते कधीच अखंड गळ लावू देत नसत. रबरी गांडूळ त्या बोथट काडीला लावायचं, पाण्यात सोडायचं, माशानं तोंडात धरलं की दोरीत टक् असं जाणवतं, तेवढं मोजायचं आणि सोडून द्यायचं. मासा थुंकून जातो, त्याला काही टोचत नाही.

"सरावात मासा धरायचा नसतो," त्यांनी ओडालिसला समजावलं, "फक्त दार वाजवून यायचं असतं, घरी आहेस ना म्हणून. ज्याला आज टोचशील तो शनिवारी तोंड उघडणार नाही. आणि हे तळं असलं कुचकं आहे, की इथं सुखासुखी तोंड उघडणारे मासे आधीच थोडे."

हे सगळं कॅसिडीला माहीत होतं. तरी पॅपॉ ते दुसऱ्या कोणाला एवढ्या प्रेमानं समजावतायत हे ऐकताना तिला वाटलं, की आपल्याला हे कधी असं बसवून सांगितलं होतं का? आपल्या वेळी तर नुसती पक्कड चालली होती.

ओकाहॅची कुचकं होतं ते असं, की ते तळं कमी आणि भरलेली परात जास्त. मैलोन्‌मैल पसरलेलं, पण खोली म्हणाल तर गुडघ्यापासून कमरेपर्यंत. उत्तरेचा वारा सुटला की अख्खं पाणी दक्षिणेच्या काठाला जाऊन बसायचं, आणि काल जिथं बोट फिरली तिथं आज बगळे चालायचे. दुसऱ्या शनिवारी नेमकं तेच झालं. कॅसिडीची पाळी होती. तिनं मोटर टाकली, तर पातं गवतात गुरफटलं आणि तळाचा काळा चिखल असा वर आला, की बोटीमागं कॉफीचा ओढा वाहायला लागला.

"संपलं," कॅसिडी म्हणाली. "आता इथं काही नाही. परत चला."

"मिस्टर हर्शेल, ती काठी वापरू?" ओडालिसनं विचारलं.

बोटीच्या कडेला एक लांब काठी बांधलेली होती. पॅपॉ ती फक्त बोट रुतली तर ढकलायला वापरत. ओडालिस बोटीच्या मागच्या टोकावर चढली, काठी चिखलात हळूच रोवली, अंग मागं टाकलं, आणि बोट निघाली. आवाज नाही, चिखल नाही. लव्हाळ्यातला बगळासुद्धा उडाला नाही. नुसती मान वळवून बघत राहिला.

"कुठं शिकलीस गं?" पॅपॉंनी विचारलं. त्यांचा आवाज असा झाला होता जसा रविवारी चर्चमध्ये चांगलं गाणं ऐकून होतो.

"पप्पा न्यायचे, खाडीत. तिकडं पाणी याहून उथळ. मी सहा वर्षांची असल्यापासून मारते."

"पन्नास वर्षं या तळ्यावर काढली," पॅपॉ म्हणाले, "आणि ही काठी मी नुसती धुणं वाळवायच्या लायकीची समजत होतो."

कॅसिडी त्या वेळी पुढं उभी होती. गादीवर होती. पहिला गळ तिचाच पडत होता. आणि तरी तिच्या पाठीला डोळे फुटले होते, कारण पॅपॉंची खुर्ची वळलेली होती मागं.

त्या दिवशी दोन टक्‌टक् कॅसिडीला मिळाल्या, तीन ओडालिसला. घरी येताना गाडीत पॅपॉ म्हणाले, "तू मला मिस्टर हर्शेल काय म्हणतेस, शाळेतल्या बस ड्रायव्हरला म्हणतात तसं. पॅपॉ म्हण."

"चालेल?"

"न चालायला काय झालं. सगळं गाव म्हणतं."

सगळं गाव अजिबात म्हणत नव्हतं. मोजून तीन माणसं म्हणत होती: कॅसिडी, तिचा धाकटा चुलत भाऊ वेलन, आणि टायरच्या दुकानातला एक वेडसर गडी. कॅसिडी खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर संत्र्याच्या बागा होत्या, त्या तिला एकूणएक नकोशा झाल्या.

तिसरा शनिवार शेवटचा. सोमवारपासून स्पर्धकांना तळं बंद व्हायचं ते थेट स्पर्धेच्या पहाटेपर्यंत. ओडालिसनं काठी मारत बोट पूर्वेच्या लव्हाळ्यांतून आत घातली. तिथं एक फट होती, बोट दोन्ही अंगांनी घासत जाईल एवढीच, आणि पलीकडं शांत पाण्याचं एक अंगणच निघालं. तिथं पाणी जरा खोल, तळाशी चिखल नाही, वाळू. पाळी ओडालिसची होती, म्हणून काठी पॅपॉंकडं देऊन ती पुढं गेली. काळा चष्मा लावून पाण्यात बघितलं आणि हात वर केला.

वाळूत ताटाएवढी एक स्वच्छ गोल जागा होती. मादी अंडी घालायला येते तेव्हा नर शेपटीनं झाडून करतो तशी. ओडालिसनं रबरी गांडूळ पलीकडं टाकलं आणि हळूहळू ताटात ओढत आणलं. कॅसिडी मागून टाचा उंचावून बघत होती, पण तिला मागून फक्त पाण्यावरची चमक दिसली. मग ओडालिसच्या रॉडचं टोक एकदम खाली गेलं, दोन सेकंद तसंच राहिलं, आणि सुटलं.

"पॅपॉ," ती खाली बसून अगदी हळू म्हणाली, "आठ पौंड. आठ तरी."

"बरोबर," पॅपॉ म्हणाले. आणि त्यांनी नकाशावर खूण केली.

बस. एवढंच. 'बरोबर.' कॅसिडीनं मागच्या वर्षी सहा पौंडांचा मासा निसटला म्हणून सांगितलं होतं, तेव्हा हेच पॅपॉ म्हणाले होते, "निसटलेले मासे पाण्यात पडल्यावर वाढतात."

"दोन सेकंदांत वजन कळतं का कोणाला?" ती म्हणाली.

"हिला कळतं," पॅपॉ म्हणाले.

"मला सकाळी त्या कमळांपाशी लागला तो नऊचा होता."

"असेल हं," पॅपॉ म्हणाले, आणि पोराला गोळी द्यावी तसं हसले.

त्या 'असेल हं'नं कॅसिडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी चर्च झालं, जेवणं झाली, पॅपॉ टोपी तोंडावर घेऊन झोपले. कॅसिडीनं कयाक, म्हणजे आपली एकटीची वल्ह्याची होडी, पिकअपमध्ये टाकली. तिला मासा धरायचा नव्हता, हे तिनं स्वतःला तीनदा सांगितलं. तिला फक्त बघायचं होतं. ओडालिस थापाडी आहे, मासा चार पौंडांचा आहे, जास्तीत जास्त पाच, एवढं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की तिचं पोट दुखायचं थांबणार होतं.

फटीतून कयाक आत गेली. तिनं चष्मा लावला.

ताटात मादी होती. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि वर आणखी चार बोटं. पोट असं फुगलेलं, की वाळूवर तिची सावली तिच्याहून जाड दिसत होती.

पाण्यात मासा मोठा दिसतो, कॅसिडीनं स्वतःला सांगितलं. पाणी खोटं बोलतं. तोललं तरच कळेल.

टोकं तोडलेले गळ पॅपॉंच्या पेटीत राहिले होते. तिच्या खिशात होते ते नवेकोरे, अणकुचीदार. पहिल्या तीन वेळा मादीनं गांडूळ नुसतं नाकानं ढकललं. चौथ्या वेळी तोंड उघडलं, आणि कॅसिडीनं विचार करायच्या आत हात वर झटकला.

पुढची दोन मिनिटं काय झालं ते तिला नीट आठवत नाही. कयाक गोल फिरली, लव्हाळ्यांत घुसली, परत बाहेर आली. ते स्वच्छ ताट वल्ह्याच्या फटकाऱ्यांनी भरडलं गेलं. शेवटी तिनं अंगठा माशाच्या ओठात घातला, वर उचललं, आणि हातकाट्याला लावलं.

नऊ पौंड दोन औंस.

तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा. आणि तो ओडालिसचा होता. आठ म्हणाली होती ती, म्हणजे थाप मारली नव्हतीच, उलट हातचं राखून बोलली होती. कॅसिडीला रडू यावं की नाचावं ते कळेना, म्हणून तिनं फोटो काढला. मग गळ काढायला गेली तर तो खोल रुतलेला. जबड्याचा कोपरा थोडा फाटला, पाण्यात लाल धूर पसरला. तिनं मादीला दोन्ही हातांनी धरून पाण्यात सोडलं. ती क्षणभर तशीच कलती राहिली, मग भानावर आली आणि ताटाकडं न वळता सरळ फटीतून मोठ्या तळ्यात निघून गेली.

कॅसिडी तासभर थांबली. मादी आली नाही. नरही दिसेना. आले ते चिमुकले निळे मासे, वीस-पंचवीस, आणि भरडलेल्या वाळूतली अंडी टिपून खायला लागले. तिनं वल्ह्यानं पाणी बडवून त्यांना हाकललं. ते परत आले.

आणि मग तो आठवडा. फोनमध्ये जगातला सर्वात सुंदर फोटो, आणि दाखवायची चोरी. गणिताच्या तासाला, बसमध्ये, अंथरुणात, तिनं तो किती वेळा उघडला त्याची गणती नाही. मासा सुंदर दिसायचा, त्याला धरलेली मुलगी मात्र दर वेळी कोणाच्या तरी घरातून काहीतरी उचलून पळाल्यासारखी दिसायची.

बुधवारी कॅन्टीनमध्ये ओडालिसनं जेवणाच्या ट्रेमधल्या कागदावर अख्खं तळं काढलं. "हे बघ. आपला नंबर सातवा आहे. सुटलो की सरळ इथं, फटीतून आत. पॅपॉ म्हणाले, एकदा आत गेलो की तासभर हलायचं नाही. एवढी बोट आत-बाहेर केली की सगळीकडं गढूळ होणार. तोवर बाकीच्या चांगल्या जागा इतर बोटी घेऊन बसतील. म्हणजे सगळं या एका माशावर. चालेल ना तुला?"

"पॅपॉ म्हणाले म्हणजे झालंच," कॅसिडी म्हणाली.

"तुला काय झालंय?"

"काही नाही. पिझ्झा थंड आहे."

शुक्रवारी संध्याकाळी पॅपॉंच्या गाडीच्या शेडमध्ये बोट उभी होती. बॅटऱ्या चार्ज होत होत्या, पंखा फिरत होता. पॅपॉ एका रीलवर नवी दोरी गुंडाळत होते, ओडालिस दोरीचं रीळ पेन्सिलीवर अडकवून ताण धरत होती. कॅसिडी एका बादलीवर बसून काही न करता गळांची डबी उघडझाप करत होती.

"तर," पॅपॉ रीलवरून नजर न काढता म्हणाले, "उद्या पुढं कॅसिडी."

डबी मिटली.

"ओडीची काठी चांगली, आणि काठी मागूनच मारायची असते. कॅसिडीला या तळ्याचा प्रत्येक खुंट माहीत आहे. हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?" कॅसिडीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर तू तीन आठवडे जागी राहिली असतीस? मागच्या वर्षी पुढं उभी राहून सेल्फी काढत होतीस."

ओडालिस गालातल्या गालात हसली. तिच्या तोंडावर हिरमुसल्याची एक रेघ आलीच, ती काही लपली नाही. पण ती म्हणाली, "ठीक आहे. म्हणजे माझ्या माशावर पहिला गळ तू टाकणार. नीट ऐक. ताटाच्या चार फूट पलीकडं टाक, आणि अगदी हळू ओढ. घाई केलीस तर ती नुसती बघते. माझा मासा आहे, माझी लाज घालवू नकोस."

गादी मिळाली होती. कॅसिडीला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. उद्या फटीतून आत जायचं, ताट रिकामं निघायचं, तिनं खांदे उडवायचे. मासे जातात. आठवड्यात काय काय होतं, वारा फिरतो, मगर येते. कोणालाही कधीही कळलं नसतं. आणि ओडालिस मागं काठी धरून तासभर त्या रिकाम्या अंगणात वाट बघत बसली असती, हळू ओढ, घाई करू नकोस, असं सांगत.

"तो मासा तिथं नाहीये," कॅसिडी म्हणाली.

"कुठला?"

"तुझा."

"तुला काय माहीत?"

"मी रविवारी गेले होते. कयाक घेऊन. माझ्याकडं अखंड गळ होता."

पॅपॉंनी रील गुडघ्यावर ठेवलं. ओडालिसनं पेन्सिल सोडली नाही, दोरी तशीच ताणलेली राहिली.

"केवढा होता?" तिनं विचारलं. मासेमारीतलं माणूस, दुसरं काय आधी विचारणार.

"नऊ पौंड दोन औंस."

"दाखव."

कॅसिडीनं फोन दिला. ओडालिसनं फोटो मोठा केला, शेपटीपासून तोंडापर्यंत सरकवत नेला, आणि परत शेपटीकडं आली.

"मी आठ म्हणाले होते."

"हो."

"आणि तुला वाटलं मी फेकते."

"मी तसं म्हणाले नाही."

"तोंडानं नाही म्हणालीस." तिनं फोन परत दिला. "का पण? तुझाच मासा होता ना तो. आपल्या दोघींचा होता. उद्या तू पुढं राहून तूच धरला असतास."

कॅसिडीकडं या प्रश्नाची दोन-तीन चांगली उत्तरं तयार होती, आठवडाभर घोटलेली. त्यांतलं एकही तोंडातून आलं नाही. "कारण तू म्हणालीस आठ, आणि पॅपॉ म्हणाले बरोबर. माझं कधी बरोबर नसतं."

"तू सहाचे नऊ करतेस, म्हणून," पॅपॉ म्हणाले. पण ते हळू म्हणाले, आणि रील नुसतं हातात फिरवत राहिले. "आणि मीही... असू दे. बोला तुमचं तुम्ही."

"तुझ्याकडं पॅपॉ रोज असतात," ओडालिस म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "रोज. नाश्त्याला, शाळेतून आणायला. माझे पप्पा रविवारी अर्धा तास फोन करतात, त्यातली दहा मिनिटं हवामान. या गावात आल्यापासून माझं असं काय होतं, कॅस? एक मासा होता. तोही तू टोचलास."

कॅसिडीनं मान खाली घातली. सिमेंटवर तेलाचा डाग होता, तो तिला पाठ झाला.

"उद्या पुढं तू उभी राहा," ती म्हणाली.

"मला तुझी दया नकोय."

"दया नाहीये. हे म्हणताना माझ्या पोटात आग पडलीय. तू पुढं उभी राहिलीस की मला दिवसभर तुझी पाठ बघायची आहे, आणि मला ती आत्तापासूनच आवडत नाहीये."

ओडालिसनं पेन्सिल खाली ठेवली.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "दया असती तर घेतली नसती."

पॅपॉंनी दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. कॅसिडी उठली, बोटीच्या पुढच्या कप्प्यातून आपले पाचही रॉड काढले, आणि एकेक करून मागच्या कप्प्यात ठेवले. कोणी मदत केली नाही. तिनंही मागितली नाही.

पहाटे धुकं होतं आणि वारा उत्तरेचा. सातवा नंबर पुकारला, पॅपॉंनी इंजिन चढवलं, आणि पूर्वेच्या लव्हाळ्यांवरून बोट न थांबता पुढं गेली. दोघींपैकी कोणीही तिकडं मान वळवली नाही. दक्षिणेच्या काठाला, जिथं वाऱ्यानं पाणी नेऊन ठेवलं होतं, तिथं पॅपॉंनी इंजिन बंद केलं आणि नियमाप्रमाणं हाताची घडी घालून गप्प बसले.

ओडालिस पुढं. कॅसिडी मागं, काठी घेऊन. काठी तिला येत नव्हती. बोट तिरकी जायची, मग जास्त सरळ जायची, मग थांबायची.

"डावीकडं," ओडालिस म्हणाली.

"जातेच आहे."

"ते उजवीकडं आहे."

पॅपॉंच्या खुर्चीतून खोकल्यासारखा आवाज आला. कॅसिडीनं दात आवळले आणि काठी दुसऱ्या हातात घेतली. समोर ओडालिसची पाठ होती, शाळेच्या निळ्या जर्सीतली, ताठ. ती पाठ तिला रात्री वाटली होती त्याहूनही जास्त खुपत होती.

तिसऱ्या गळाला मासा लागला. रॉड वाकला, गवताखाली काहीतरी जड वळलं.

"जाळी," ओडालिस म्हणाली.

जाळी मागचीनं धरायची. कॅसिडी काठी टाकून पुढं धावली, गुडघ्यावर बसली. मासा बोटीच्या बाजूला आला तेव्हा तिला दिसलं, की गळ ओठाच्या अगदी कडेला, चिमटीत धरावा तेवढ्याच कातड्यात अडकलाय. जाळीची कड दोरीला जराशी लागली असती तरी तो गेला असता. मासे जातात. तिनं जाळी खोल बुडवली, माशाच्या तोंडाकडून आत आणली आणि उचलली.

मासा बोटीत पडला. गळ आपोआपच सुटून बाजूला पडला.

ओडालिसनं त्या सुटलेल्या गळाकडं बघितलं, मग कॅसिडीकडं. कॅसिडीनं मासा ओल्या हातांनी धरून बोटीतल्या पाण्याच्या टाकीत सोडला आणि झाकण लावलं. तो मासा चांगला होता, तीन पौंडांना तर उतरला असता, आणि तो आपला नाही याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं.

ती मागं जायला वळली, तोच ओडालिसनं पायानं मोटर उलटी फिरवली. बोट थबकली आणि हळूहळू आडवी झाली, इतकी की मागच्या टोकासमोर न शिवलेलं, स्वच्छ पाणी आलं.

"टाक," ती म्हणाली. "मी धरते बोट."

कॅसिडीनं रॉड उचलला आणि टाकला.